पीसीएमला ३ मार्क कमी पडले, आता पुढे काय?

अनुजा_मिरज | ५ मे २०२५, रात्री ११:२२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, विस्कळीत झालं तर समजून घ्या.

दुपारी १ वाजता बारावीचा निकाल लागला. माझा धाकटा भाऊ सायन्सला आहे. घरात त्याला सगळे छोट्या म्हणतात, इथेही तेच म्हणते. फिजिक्स ४१, केमिस्ट्री ५१, मॅथ्स ४०. बेरीज १३२. इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गात या तिघांचे मिळून ४५ टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १३५. आम्ही खुल्या प्रवर्गातले. ३ मार्कांनी गेलं.

तो पास झालाय. पण दिवसभरात घरातल्या एकानेही "पास झालास" असं त्याला म्हटलेलं नाही. मीसुद्धा नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

दोन वर्षं त्याचं नाव कॉलेजात आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लासमध्ये. तिथे पहिल्या दिवसापासून सांगितलेलं, बोर्डाचं टेन्शन घेऊ नका, सीईटीवर, म्हणजे प्रवेश परीक्षेवर, लक्ष द्या, ४५ टक्के काय कुणालाही पडतात. एप्रिलमध्ये सीईटी झाली, ती बरी गेलीय म्हणतो. तिचा निकाल जूनमध्ये. बाबा कुपवाड एमआयडीसीत फिटर आहेत. क्लासची फी त्यांनी पतपेढीचं कर्ज काढून भरली, हप्ते अजून चालू आहेत.

बाबांनी माझ्या मोबाईलवर मार्क बघितले, फोन टेबलावर पालथा ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडले ते रात्री नऊला आले. आईने बासुंदीसाठी दूध आटवायला ठेवलं होतं. तिने गॅस बंद केला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. मामा, काकू, शेजारपाजारचे, सगळ्यांचे फोन चालूच आहेत, "किती पडले?" शेवटी मी आईचा फोन बंद केला.

छोट्या आठ वाजल्यापासून गच्चीवर बसलाय. जेवलेला नाही. मी पुण्यात नोकरी करते, निकालासाठी म्हणून दोन दिवस रजा काढून आलेय.

त्या ३ मार्कांचं काही होऊ शकतं का, आणि आज रात्री मी त्याच्याशी काय बोलू? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

निशिगंध | ५ मे, रात्री ११:३१

अनुजा, मी शाळेत समुपदेशक आहे. बाकीचं नंतर वाच, आधी गच्चीवर जा. पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी घेऊन जा आणि त्याच्या शेजारी बस. मार्क, फॉर्म, क्लास, बाबा यातलं काहीही काढू नकोस.

थोड्या वेळाने सरळ विचार, "जगावंसं वाटत नाही, असं काही मनात येतंय का?" अशाच स्पष्ट शब्दांत. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो अशी लोकांची समजूत आहे, ती चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं याचाच मुलांना आधार वाटतो. तो हो म्हणाला, किंवा गप्प राहिला आणि तुला ते खरं वाटलं नाही, तर आज त्याला एकट्याला सोडू नकोस, त्याच्या खोलीतच झोप. टेली मानसचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तूही फोन करू शकतेस, तूही दिवसभर हे एकटीच ओढतेयस.

आणि "पास झालास" हे त्याला आजच सांग.

फळा_खडू | ५ मे, रात्री ११:४०

मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त. निशिगंध यांनी लिहिलंय तेच आधी. मार्कांचं उद्या सकाळी लिहितो, रात्रीत त्यात काही बदलणार नाही.

अनुजा_मिरज | ६ मे, पहाटे १:५०

खाली आला. दोन घास दहीभात खाल्ला. मी विचारलं, निशिगंधताई, तुम्ही सांगितलं तसंच्या तसं. तो म्हणाला, "तसं नाही गं. पण उद्या सकाळी बाबांच्या समोर कसं जायचं तेच कळत नाहीये." मग खूप रडला. पास झालास म्हटल्यावर म्हणाला, "त्याला काय अर्थ आहे." आता माझ्या शेजारीच झोपलाय.

दादा_वर्कशॉप | ६ मे, सकाळी ७:१५

ताई, मी १९९९ चा बारावी नापास. गणितात २८. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरला असायची, म्हणजे वर्ष गेलंच. आता ती जून-जुलैला होते, पोरांची मोठी सोय झालीय.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला काही न बोलता सोबत गॅरेजवर नेलं. मला वाटलं, झालं, आता हेच. तसं नव्हतं. घरात बसलो असतो तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मला फाडून खाल्लं असतं, म्हणून नेलं होतं. हे मला दहा वर्षांनी आईकडून कळलं. ऑक्टोबरला पास झालो, डिप्लोमा केला, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलो. आज चाकणला टूलरूम बघतो.

हे सांगायचं कारण, तुमचे वडील बाहेर निघून गेले म्हणजे रागावले असंच धरू नका. काही बापांना घरात रडता येत नाही.

मिरजेलाच शासकीय तंत्रनिकेतन आहे. बारावी सायन्स पास झालेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. दोन वर्षांत डिप्लोमा, मग डिग्रीला परत थेट दुसरं वर्ष. एक वर्ष जास्त जातं, पण हात चांगला तयार होतो. हा रस्ता डोक्यात असू द्या.

फळा_खडू | ६ मे, सकाळी ८:३०

आता मार्कांचं.

गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पालक त्यांची गल्लत करतात. गुणपडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का एवढंच बघतात, विषयाला ५० रुपये. छायाप्रत म्हणजे उत्तरपत्रिकेची प्रत, विषयाला ४०० रुपये. पुनर्मूल्यांकन म्हणजे पेपर पुन्हा तपासणं, विषयाला ३०० रुपये, पण त्यासाठी आधी छायाप्रत घेतलेली असावी लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर, आजपासून २० मेपर्यंत.

माझा सल्ला, गणिताची छायाप्रत मागवा. ३ मार्क वाढतील या आशेने मागवू नका, वाढण्याची शक्यता कमीच असते. त्याने लिहिलेलं त्याच्या डोळ्यांसमोर यावं म्हणून मागवा. तीस वर्षांत मी पाहिलंय, मुलं निकालाचा आकडा उराशी धरून बसतात आणि पेपरात नेमकं काय झालं हे त्यांना कधीच कळत नाही. मग ती आपल्या मनाने कारण ठरवतात, आणि ते बहुतेक वेळा "मी ढ आहे" हेच असतं.

दुसरं म्हणजे श्रेणीसुधार योजना. सगळे विषय घेऊन पास झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसायच्या लगतच्या तीन संधी मिळतात, म्हणजे येता जून-जुलै, पुढचा फेब्रुवारी-मार्च आणि त्यानंतरचा जून-जुलै. अर्ज लगेच सुरू होतील, कॉलेजात विचारा. फक्त जून-जुलैच्या परीक्षेचा निकाल जुलैअखेर लागतो आणि तोवर इंजिनिअरिंगची नोंदणी उरकलेली असू शकते, हे धरून चाला.

कृष्णाकाठ | ६ मे, सकाळी ९:०५

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. फिजिक्स ४१ आणि मॅथ्स ४० असलेल्या मुलाला इंजिनिअरिंगला घालायचंच कशाला? ४१ मध्ये प्रॅक्टिकलचे ३० पैकी चांगले मिळालेले असणार, म्हणजे लेखी ७० पैकी किती ते बघा. पहिल्या वर्षाच्या एम-वनलाच, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरलाच गळपटतात ही मुलं, मग केटी म्हणजे विषय मागे राहणं, मग इयर डाऊन म्हणजे वर्षच वाया, आणि बापाचं कर्ज दुप्पट. बीएस्सी करू दे. बीसीए करायचं असेल तर त्यालाही २०२४ पासून सीईटी आहे, तेवढं बघा. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला पोरगा सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजलाच हवाय. शंभरातल्या नव्वदांना तिथे जागा नाही, हे कुणी तोंडाने म्हणत नाही.

मोगरा_लातूर | ६ मे, सकाळी १०:२०

वाचतेय. माझ्या लेकीचं पीसीबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४७ टक्के आलंय. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशाला, ५० लागतात. काल रात्री आमच्याकडेही कुणी जेवलं नाही. तुम्ही धागा काढलात म्हणून मी लिहायचं धाडस केलं.

निशिगंध | ६ मे, सकाळी १०:४५

कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा चुकीचा नाही, पण वेळ चुकतेय. निकालानंतर पहिले चार-पाच दिवस कुठलाही मोठा निर्णय घेऊ नये. घाबरलेलं घर मिळेल त्या पहिल्या दारातून आत शिरतं. बीएस्सी, डिप्लोमा, ड्रॉप यातलं काहीही असू दे, ते मुलाने निवडलेलं असावं. लाजेपोटी पटकन भरलेला फॉर्म नसावा.

अनुजा, नातेवाइकांसाठी एकच वाक्य ठरवून टाका आणि चौघांनीही तेच बोला. "पास झालाय, सीईटीचा निकाल आला की ठरवू." त्यापुढे बोलायचं नाही. खोटं बोलायला सांगू नका, त्याला वाटतं आपला निकाल लपवण्यासारखाच आहे.

मोगराताई, तुम्हालाही तेच. लेक बोलतेय का?

मोगरा_लातूर | ६ मे, दुपारी २:१०

बोलतेय. मी बोलत नव्हते. आज सकाळी तिच्या केसांना तेल लावलं, तेव्हा दोघी बोललो.

अनुजा_मिरज | ६ मे, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार, खरंच. ते वाक्य उपयोगी पडलं. काकूंचा फोन आला तेव्हा आईने तेच सांगितलं आणि काकूंना पुढे विचारताच आलं नाही. गणिताच्या छायाप्रतीचा अर्ज केला. पैसे मी ऑनलाईन भरले. संध्याकाळी बघते तर माझ्या पर्समध्ये ५०० ची नोट. घरात ती दुसरं कोण ठेवणार? बाबा अजून त्याच्याशी बोललेले नाहीत, पण अर्जाचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

अनुजा_मिरज | १७ मे, रात्री १०:१५

छायाप्रत आली. मी पुन्हा मिरजेला आलेय, शनिवार-रविवारसाठी.

आज दुपारी आम्ही दोघं जमिनीवर बसलो. एका बाजूला प्रश्नपत्रिका, एका बाजूला प्रिंट काढलेली उत्तरपत्रिका. पहिला प्रश्न आठ एमसीक्यूंचा, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांचा, प्रत्येकी २ गुण, म्हणजे १६. त्याच्या पानावर ओळीने लिहिलंय, (अ), (क), (ड), (ब)... आठही. पुढे काही नाही. आणि आठही ठिकाणी तपासणाऱ्याने शून्य दिलंय.

मी म्हटलं, आठच्या आठ चुकले? त्याने पेन घेतलं आणि एकेक परत सोडवायला लागला. अर्धा-पाऊण तास आमच्यात एक शब्द नाही. आठपैकी सात बरोबर होते.

मग त्याने प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचल्या. मोठ्याने वाचल्या. तिथे लिहिलंय की पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहिणं बंधनकारक आहे, नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण मिळणार नाहीत.

१४ मार्क. त्याला तीनच हवे होते.

सर, याचं पुनर्मूल्यांकनात काही होईल का?

फळा_खडू | १७ मे, रात्री १०:५०

नाही होणार. नियम पेपरावर छापलेला आहे आणि तपासणाऱ्याने तो पाळलाय. ३०० रुपये घालवू नका. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय.

असे पेपर मी दरवर्षी पाहिलेत. वर्षभर मुलं संगणकावर एका क्लिकमध्ये उत्तर देतात, दिवसाला शंभर-दीडशे. हाताला आणि डोक्याला तेच वळण पडतं. बोर्डाच्या पेपरात उत्तर लिहून दाखवायचं असतं, पायरीला मार्क असतात, हे त्यांना दोन वर्षांत कुणी करूनच घेतलेलं नसतं. कॉलेजात पटावर नाव, वर्गात कुणी नाही. मी हजेरी घ्यायचो तेव्हा ऐंशी नावांना बारा मुलं "येस सर" म्हणायची. त्या वर्गात मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात ही सूचना फळ्यावर लिहायचो. ऐकायला तेवढी बाराच.

पण अनुजा, आज दुपारी काय झालं ते बघा. बोर्डाचा पेपर होऊन तीन महिने होत आले, पुस्तक हातात नाही, आणि त्याने सात प्रश्न बरोबर सोडवले. कृष्णाकाठ यांनी विचारलं होतं की असल्या मुलाला इंजिनिअरिंगला का घालायचं. मला आता तेवढी काळजी वाटत नाही. बाकी पेपर कसा आहे? शेवटचा, चार-चार मार्कांचा विभाग?

अनुजा_मिरज | १७ मे, रात्री ११:०५

त्यात पाच सोडवायचे होते. दोन पूर्ण, एक अर्धवट, दोन लिहिलेच नाहीत. म्हणतो वेळ संपली. इंटिग्रेशनच्या एका गणितात पहिल्या दोन पायऱ्या आणि एकदम उत्तर. उत्तर बरोबर, मार्क मात्र पूर्ण नाहीत.

फळा_खडू | १७ मे, रात्री ११:१२

म्हणजे लिहिण्याचा सराव नाही. ते दोन महिन्यांत सुधारतं. रोज चार गणितं पूर्ण पायऱ्यांनिशी, घड्याळ लावून. प्रवेश कुठेही होवो, हे आजपासून चालू करा.

कृष्णाकाठ | १८ मे, सकाळी ७:४०

माझे शब्द मागे घेतो. त्या पोराला सांगा, एका काकाने विनाकारण त्याला कच्चा ठरवलं होतं.

चिंचेचं_झाड | १८ मे, सकाळी ११:२५

धागा आजच पाहिला. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी जून-जुलैत एफसीवर, म्हणजे प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर, कागदपत्रं तपासायला बसते. एक विचारायचं होतं. त्याचे सहाही विषय कोणते आणि त्यांचे मार्क किती? बायोलॉजी होतं का?

अनुजा_मिरज | १८ मे, सकाळी ११:४०

हो, होतं. अकरावीला मामा म्हणाला होता, दोन्हीकडची दारं उघडी ठेवा. इंग्रजी ५८, मराठी ६६, बायोलॉजी ५७. एकूण ३१३. का हो?

चिंचेचं_झाड | १८ मे, सकाळी ११:५२

मग तो पात्र आहे.

नीट सांगते. सगळे "पीसीएमला ४५" असंच म्हणतात, त्यामुळे ही गोष्ट दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या नजरेतून सुटते. नियमात फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय सक्तीचे आहेत. तिसरा विषय केमिस्ट्री, किंवा बायोटेक्नॉलॉजी, किंवा बायोलॉजी, किंवा ठरलेल्या यादीतला टेक्निकल-व्होकेशनल. या तिघांचे मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ४०. त्याचं फिजिक्स ४१, मॅथ्स ४०, बायोलॉजी ५७. १३८. म्हणजे ४६ टक्के.

गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत त्यावर लागते. बारावीचे मार्क पात्रतेला लागतात आणि दोघांचं पर्सेंटाइल सारखं आलं तर वरखाली ठरवायला. जेईईमधून एनआयटीत जायचं असतं तर ७५ टक्क्यांची अट होती, तिथे हे चाललं नसतं. राज्याच्या कॅपला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला, चालतं. पर्सेंटाइल शून्याच्या वर असलं की सीईटीची अट पूर्ण होते, म्हणजे बाकी सगळं आता त्याच्या सीईटीवर.

मी सांगितलं म्हणून डोळे झाकून बसू नका. यंदाची माहितीपुस्तिका आली की पात्रतेचं पान स्वतः वाचा आणि जवळच्या एफसीवर मार्कशीट दाखवून विचारून घ्या.

दादा_वर्कशॉप | १८ मे, दुपारी १२:०५

ताई, वाचून अंगावर काटा आला.

अनुजा_मिरज | १८ मे, दुपारी १२:३०

माझे हात थरथरतायत. तेरा दिवस. तेरा दिवस तो १३२ आणि १३५ यांच्यामध्ये अडकून होता आणि मार्कशीट टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होती, त्यावर बायोलॉजी छापलेलं होतं. दोन वर्षांची फी घेणाऱ्या क्लासला मी ७ तारखेला फोन केला होता. "रिपीटरची बॅच जूनमध्ये सुरू होतेय, लवकर बुक करा", एवढंच उत्तर मिळालं होतं. मार्कशीट दाखवा, असं एकानेही म्हटलं नाही.

छोट्याला सांगितलं. त्याने तीनदा बेरीज केली. मग म्हणाला, "बाबांना तू सांग." मी म्हटलं, नाही, तू सांगायचं. बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि आधी बायोलॉजीचं सांगितलंच नाही. आधी सांगितलं, "बाबा, मी गणितात नुसती अक्षरं लिहून आलो होतो. माझी चूक होती." मग बाकीचं.

बाबा म्हणाले, "ड्रॉइंगवर माप नाही लिहिलं तर जॉब रिजेक्ट होतोच." एवढंच. पण त्याच्याकडे बघून म्हणाले.

मोगरा_लातूर | १८ मे, दुपारी ३:००

अनुजा, खूप आनंद झाला. चिंचेचं झाड, आमच्यासाठी असं काही निघेल का हो? पीसीबी १४१ आहे.

चिंचेचं_झाड | १८ मे, दुपारी ४:१५

मोगराताई, खोटी आशा लावत नाही. खुल्या प्रवर्गात एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस या सगळ्यांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के लागतात आणि तिथे विषय बदलायची सोय नाही. तुमच्याकडे रस्ता श्रेणीसुधाराचा. ९ मार्क वाढवायचे आहेत, ते अशक्य नाही. पण आधी तिला विचारा, तिला डॉक्टरच व्हायचंय का. बी.फार्म, नर्सिंग, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी हेही चांगले रस्ते आहेत, हरल्यावर घ्यायचे नाहीत.

मोगरा_लातूर | १९ मे, रात्री ८:३०

विचारलं. ती म्हणाली, "डॉक्टर व्हायचंय, पण तुला वाटतं म्हणून व्हायचं की मला, ते मला सध्या कळत नाही." मला काल रात्रभर झोप नाही. श्रेणीसुधाराचा अर्ज तिनेच भरलाय. म्हणते, आधी ९ मार्क वाढवून दाखवते, मग ठरवते.

निशिगंध | १९ मे, रात्री ८:५०

तिला वेळ द्या, मोगराताई. हे वाक्य ती तुमच्याशी बोलू शकली, ही फार मोठी गोष्ट आहे.

अनुजा_मिरज | १६ जून, रात्री ९:१०

सीईटीचा निकाल आला. ८९ पर्सेंटाइलच्या थोडं वर. वालचंद नाही मिळणार, ते त्यालाही कळतंय. मेकॅनिकल म्हणतोय. रोज चार गणितं चालू आहेत, सर. वही मी बघितली, पायऱ्या लिहितो आता.

चिंचेचं_झाड | १६ जून, रात्री ९:४५

छान. ऑप्शन फॉर्म भरताना एक जपा. पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच लिहा, जिथे तो खरंच जाईल. शेजाऱ्यांना सांगायला बरं वाटेल असं नाव तिथे नको. आणि कॉलेज निवडताना एकदा आत जाऊन या. वर्कशॉपमधल्या लेथवर धूळ आहे की तेल, ते बघा.

अनुजा_मिरज | १२ जुलै, संध्याकाळी ७:२०

आज एफसीवर कागदपत्रं तपासून झाली. बाबांनी अर्धी रजा काढली होती. टेबलावरच्या मॅडमनी केमिस्ट्रीवरून बोट खाली बायोलॉजीवर नेलं, कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि म्हणाल्या, "एलिजिबल." दोन मिनिटांचं काम.

गेल्या रविवारी तिघं मिळून दोन कॉलेजं बघून आले. बाबांनी लेथ बघितले, चिंचेचं झाड. एका ठिकाणी तिथल्या मिस्त्रींशी अर्धा तास बोलत उभे होते, छोट्या सोबत. तेच कॉलेज तो पहिल्या क्रमांकावर टाकणार आहे.

मोगराताई, लेकीचे पेपर कसे चालू आहेत?

फळा_खडू सर, तो विचारतोय, बारावीची गणिताची पुस्तकं ठेवायची की रद्दीत द्यायची?

मोगरा_लातूर | १२ जुलै, रात्री ८:००

केमिस्ट्री बरा गेला म्हणते. मी "किती येतील" विचारलं नाही.

फळा_खडू | १२ जुलै, रात्री ८:३५

दोन्ही ठेवा. भाग २ हाताशीच असू दे, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन पहिल्या वर्षी लगेच लागतं. भाग १ मधलं मॅट्रिक्सचं प्रकरण आत्ताच काढून बसा म्हणावं. अडलं तर इथेच विचारा, गणित लिहून फोटो टाका. पायऱ्यांसकट.